डोंगरगावच्या दगडावरचं काव्य

महाराष्ट्रात डोंगरगाव नावाची गावं मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. डोंगराच्या अंगाला वसलं ते डोंगरगाव, इतका सरळ हिशेब. म्हणून कुणी आपलं गाव डोंगरगाव म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणतं डोंगरगाव? यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या बाजूला जे डोंगरगाव आहे, तिथल्या माणसाकडे या प्रश्नाला फार देखणं उत्तर आहे. ज्याचं नाव शके १०३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १११२ मध्ये, एका संस्कृत काव्यात गुंफून दगडावर कोरलं गेलं आणि जे नऊशे वर्षांनंतरही तेच राहिलं, ते डोंगरगाव.

लेखात गावाचं नाव 'डोंगरग्राम' असं येतं. हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहावा. 'ग्राम' संस्कृत, 'डोंगर' मात्र इथला, लोकांच्या तोंडचा. कवीकडे पर्वत होता, गिरी होता, शैल होता, अद्री होता. 'गिरिग्राम' म्हटलं असतं तर कानाला गोडही लागलं असतं. पण हा दानलेख आहे. दान दिलेल्या जमिनीचं नाव जसं बोललं जातं तसंच लिहावं लागतं. सातबाऱ्यावर नाव चुकलं की काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून संस्कृताच्या जरतारी शेल्यात हा एक जाडाभरडा धागा तसाच राहिला. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत अक्षीच्या लेखाचं नाव घेतलं जातं, तो शके ९३४ चा मानतात. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, समुद्रापासून इतक्या दूर, वऱ्हाडाच्या या डोंगराळ कोपऱ्यात 'डोंगर' हा शब्द दगडावर चढला. तेवढ्या तीन अक्षरांसाठीही मला हा लेख प्रिय आहे. पण त्याची श्रीमंती त्याहून पुष्कळ मोठी आहे. आपण त्याला इतिहासाचं साधन म्हणून पाहतो, सनावळी आणि वंशावळी काढून घेतो आणि बाजूला ठेवतो. तो कविता म्हणून वाचला जात नाही. आज तसा तो वाचून पाहू.

लेख संस्कृतात आहे, लिपी नागरी आहे आणि मजकूर मुख्यतः पद्यात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून, संपादून 'एपिग्राफिया इंडिका'च्या २६व्या खंडात प्रसिद्ध केला. मिराशींचं नाव वाकाटक आणि कलचुरींच्या लेखांसाठी साऱ्या देशात घेतलं जातं. आणि यवतमाळात तेव्हा शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे होते. महानुभाव पोथ्यांसाठी आयुष्य वेचलेला हा माणूस वऱ्हाडातल्या ताम्रपटांवर आणि शिलालेखांवरही तितकीच माया करी. अशा माणसांच्या वाचनामुळे हा दगड नुसता दगड राहिला नाही.

वाचनाचं हे काम कसं चालतं, ते एकदा जवळून पाहायला हवं. आधी दगड पाण्यानं हलक्या हातानं धुतात. मग ओला कागद त्यावर पसरून ब्रशनं ठोकत जातात. कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो. कागद थोडा सुकत आला की शाईची गादी वरून फिरवतात. उंच भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात आणि काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटतात. हा ठसा. त्यावरची बाराव्या शतकातली नागरी आपल्याला निम्मीशी ओळखीची वाटते आणि तिथेच फसगत होते. त्या काळच्या लेखांत 'ए'ची मात्रा पुष्कळदा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून काढत. तिला पडिमात्रा म्हणतात. आजच्या डोळ्याला ती रेघ मागच्या अक्षराचा काना वाटते. 'व' आणि 'ब' यांच्यात तर फरकच करत नसत. एका रेघेचा असा निवाडा करत करत वाचणारा पुढे सरकतो, आणि कुठेतरी मध्येच त्याला वृत्ताचा ठेका सापडतो. ठेका सापडला की झिजलेली अक्षरं आपण होऊन बोलू लागतात. शिलालेख वाचणाऱ्याला आधी कवितेचा कान लागतो, तो असा.

आता काव्याकडे वळू. गोष्ट धारच्या परमार घराण्याची आहे. भोज राजा १०५५च्या सुमारास गेला. ज्याच्या दरबाराच्या कथा सांगत आपल्या आज्या-पणज्या मोठ्या झाल्या, तोच हा भोज. त्याच्यामागे माळव्यावर संकट आलं. कवी सांगतो, तीन शत्रूंच्या आक्रमणाखाली माळव्याची भूमी बुडाली आणि भोजाचा भाऊ उदयादित्य तिला वर काढत वाढला. सगळा प्रसंग एका छोट्या अनुष्टुभात बसवला आहे. त्यातले तीन शब्द पाहा: मग्न, उद्धरण, उदयादित्य. भूमी बुडाली, कुणी तिला वर उचललं, आणि उचलणाऱ्याचं नावच उगवता सूर्य. 'उद्' हा उपसर्ग क्रियेतही आहे आणि नावातही. नावाचा अर्थ सांगायला कवीला वेगळा श्लोक खर्चावा लागला नाही. नाव योग्य क्रियापदाच्या शेजारी ठेवलं आणि काम झालं. आपल्याकडे दागिना घडवणारा कारागीर हिऱ्याला कोंदण करतो, ते इतकंच असतं: हिरा तोच, पण आता तो दिसतो.

हे तीन शत्रू कोण, ते कवी सांगत नाही. इतिहासकार त्रिपुरीचे कलचुरी, गुजरातचे चौलुक्य आणि कल्याणीचे चालुक्य यांची नावं घेतात. त्यावर वादही आहेत. कल्याणीचं नाव मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

याच प्रसंगाचं दुसरं चित्र पाहायला यवतमाळहून नागपूरला जायला हवं. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, परमारांचा दुसरा मोठा शिलालेख आहे. 'नागपूर प्रशस्ती' म्हणून तो प्रसिद्ध आहे. साल विक्रम संवत ११६१, म्हणजे इसवी सन ११०४. तिथला कवी हाच प्रसंग वराहावतारावर नेऊन ठेवतो: राजांच्या लोंढ्याखाली सापडलेली पृथ्वी उदयादित्यानं आदिवराहासारखी वर काढली. कल्पना भव्य आहे आणि राजदरबाराला शोभणारी आहे. डोंगरगावचा कवी वराह आणत नाही. तो उगवता सूर्य आणतो, तोही नावातल्या नावात. एकाच्या हातात नगारा आहे, दुसऱ्याच्या हातात एकतारी. मला एकतारी जास्त आवडते, कारण ती ऐकायला थोडं पुढे सरकून बसावं लागतं. उदयादित्याचं भोजाशी नातं सांगताना नागपूरचा लेख 'बंधू' म्हणतो. त्याचा अर्थ भाऊही होतो आणि भाऊबंदही. डोंगरगावचा लेख 'भ्राता' म्हणतो. अभ्यासकांच्या दृष्टीनं हा एक शब्दही मोलाचा आहे.

या दोन दगडांत आणखी एक मोठा फरक आहे. नागपूरचा लेख उदयादित्याच्या लक्ष्मदेव आणि नरवर्मा या मुलांचा गौरव करतो. हे दोघं पाठोपाठ माळव्याच्या गादीवर बसले. त्यांच्या भावाचं, जगद्देवाचं, नाव तिथे नाही. माळव्याच्या राजावळीला तो ठाऊक नाही. जो गादीवर बसला नाही त्याला राजावळीत जागा नसते. आठ वर्षांनी, पुसदच्या डोंगरात, त्या गाळलेल्या मुलाची कथा दुसऱ्या दगडानं सांगितली. तीच आपल्या काव्याचा गाभा आहे.

कवी म्हणतो, उदयादित्याला मुलगे होते. तरी त्याच्या मनासारखा मुलगा हवा म्हणून त्यानं शिवाची आराधना केली आणि शिवाच्या कृपेनं जगद्देव झाला. बाप गेला तेव्हा राज्यलक्ष्मी आपण होऊन या धाकट्याकडे चालत आली. त्यानं ती घेतली नाही. परिवित्तीचं पाप लागेल या भयानं त्यानं ती थोरल्या भावाकडे जाऊ दिली.

इथे थांबायला हवं, कारण सगळा लेख या एका शब्दावर तोललेला आहे. थोरल्याचं लग्न व्हायच्या आत धाकटा बोहल्यावर चढला, तर धाकट्याला धर्मशास्त्र परिवेत्ता म्हणतं आणि मागे राहिलेल्या थोरल्याला परिवित्ति. आपल्या घरांत हे शास्त्र कुणी वाचलेलं नसतं, पण माहीत सगळ्यांना असतं. धाकट्याला चांगलं स्थळ सांगून आलं की घरातली म्हातारी आधी विचारते, 'मोठ्याचं काय?' कवीनं हा घरगुती संकोच उचलला आणि थेट सिंहासनाला लावला. राज्य ही नवरी. ती धाकट्याच्या गळ्यात माळ घालायला आली. आणि थोरला अजून उभा आहे. राजनीतीचा एवढा मोठा पेच एका क्षणात घरच्या ओसरीवर आला.

राज्यलक्ष्मीला राजाची बायको मानणं ही संस्कृत काव्यातली गुळगुळीत झालेली कल्पना आहे. शेकडो प्रशस्तींत ती भेटते आणि वाचणारा तिच्यावरून डोळा फिरवून पुढे जातो. या कवीनं त्या जुन्या रूपकाला कायद्याचा प्रश्न विचारला. राज्य जर वधू असेल, तर लग्नाचे नियम तिलाही लागू नकोत का? एकदा हा प्रश्न आला की रूपक जिवंत झालं. त्यातही एक बारकावा आहे. मनुस्मृती या दोषात पाच जण गोवते: पुढे गेलेला धाकटा, मागे राहिलेला थोरला, ती मुलगी, तिला देणारा आणि लग्न लावणारा पुरोहित. म्हणजे धाकट्याच्या घाईनं थोरलाही दोषी होतो आणि वधूही. जगद्देवानं नकार दिला तो स्वतःच्या पुण्यापुरता नव्हता. भावाला आणि राज्याला डाग लागू नये म्हणूनही होता. कवीनं हे उलगडून सांगितलेलं नाही. एक शब्द ठेवला आणि जाणत्यावर सोपवलं.

मग जगद्देव दक्षिणेत आला, कुंतलाच्या राजाकडे. कुंतलाचा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. १०७६ पासून पन्नास वर्षं त्यानं दख्खनवर राज्य केलं. लेखात हा राजा जगद्देवाला काय म्हणतो ते ऐका. माझ्या मुलांत पहिला तू, राज्याचा धनी तू, माझा उजवा हात तू, दिशादिशांतला माझा विजय तुझ्या रूपानं मूर्त झाला आहे, माझा आत्माच तू. हा चढता क्रम आहे, आणि त्याची पायरी न् पायरी बाहेरून आत जाते: घर, राज्य, अंग, कीर्ती, आणि शेवटी मी.

पण मला त्यातल्या सुरुवातीनं जास्त हलवलं. 'मुलांत पहिला.' आपल्या घरी जो पहिला नव्हता आणि पहिला नाही म्हणूनच ज्यानं हाती आलेलं राज्य सोडलं, त्याला परक्या घरात मिळालेला मान कोणता, तर पहिलेपणाचा. जे तिकडे ठेवलं तेच इकडे मिळालं. कवीनं हे दोन प्रसंग जवळजवळ ठेवले आहेत आणि मध्ये एक अक्षरही टीका केलेली नाही. बोट दाखवलं असतं तर गंमत गेली असती. मिराशींच्या मजकुरात मी हे प्रथम वाचलं तेव्हा मागं जाऊन परिवित्तीचा श्लोक पुन्हा वाचला, आणि पूर्ण लेख एका धाग्यानं विणलेला आहे हे ध्यानात आलं.

आता ते कल्याणीचं नाव. माळवा बुडवणाऱ्या तिघांत ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या चालुक्यांच्याच घरात माळव्याचा मुलगा आसऱ्याला आला. आणि ज्याच्याकडे आला तो विक्रमादित्य कोण? स्वतःचा थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला दूर करून १०७६ मध्ये गादीवर बसलेला राजा. ज्यानं थोरल्याची गादी घेतली, त्याच्या राज्यात, त्याच्या छत्राखाली हा लेख कोरला गेला. आणि लेखाचा नायक थोरल्यासाठी गादी सोडतो.

कवीला हे कळत नव्हतं असं मानणं कठीण आहे. काश्मीरहून आलेला बिल्हण याच विक्रमादित्याच्या दरबारात होता आणि त्यानं 'विक्रमांकदेवचरित' हे महाकाव्य लिहिलं. त्यातही बाप शिवाची आराधना करतो आणि शिवकृपेनं हा मधला मुलगा होतो. बाप त्याला युवराज करू पाहतो, आणि तो थोरल्याचा हक्क म्हणून नकार देतो. बिल्हणाला आपल्या नायकाची बाजू मांडायची होती, म्हणून त्यानं हा नकार फार जपून रचला. पुढं इतिहासात काय झालं ते आपण जाणतो. डोंगरगावच्या कवीनं तेच दोन प्रसंग घेतले, शिवाचा प्रसाद आणि थोरल्यासाठीचा नकार, आणि ते अशा माणसाला दिले ज्याच्या आयुष्यात ते शेवटपर्यंत टिकले. बिल्हणाचं काव्य त्यानं वाचलं होतं की त्या दरबाराच्या हवेतच ही कल्पना होती, हा माझा तर्क आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचली की या छोट्या लेखाची धार कळते. राजाची स्तुतीही झाली आणि राजाला जे जमलं नाही तेही सांगून झालं. लेखातला कालही पाहा: विक्रमादित्यानं शककाल बाजूला सारून आपला नवा संवत चालवला होता, डोंगरगावच्या लेखात शककालच आहे.

प्रशस्ती सहसा रणांगणावर रमते. हत्तींची गंडस्थळं, रक्ताच्या नद्या, शत्रूंच्या बायकांचे अश्रू. जगद्देवाचा तसा लेखही आहे आणि तो दूर नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्ह्यात जैनाड आहे. तिथल्या सूर्यनमनानं सुरू होणाऱ्या लेखात आंध्रापासून बस्तरच्या चक्रदुर्गापर्यंत आणि होयसळांच्या दोरसमुद्रापासून अर्बुदाच्या पायथ्यापर्यंत त्याच्या पराक्रमांची मालिका आहे. एका नदीचे दोन काठ, एक माणूस, दोन लेख. पलीकडे तो युद्धवीर आहे. अलीकडे, आपल्या काठावर, तो दानवीर आहे.

दानवीर हा शब्द मी सहज वापरलेला नाही. धनंजयाचं 'दशरूपक' परमारांच्याच दरबारात, मुंजाच्या काळात रचलं गेलं. त्यात वीररसाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दयेचा, रणाचा आणि दानाचा. भोजानं तर 'शृंगारप्रकाश' लिहिला. रसाची चर्चा ज्या घरात पिढ्यान् पिढ्या झाली, त्या घरातल्या मुलाचं काव्य लिहिताना कवीनं रस नीट निवडला. या लेखातलं पहिलं दान राज्याचं आहे, भावाला दिलेलं. शेवटचं दान एका गावाचं आहे, ब्राह्मणाला दिलेलं. मोठ्या दानानं कथा सुरू होते, लहान दानानं संपते. पण मोठं दान ज्यांना मिळालं त्यांचं राज्य आज नाही आणि लहान दानाचं गाव आहे.

लोकांच्या आठवणीतही जगद्देव राहिला तो असाच. मेरुतुंगानं 'प्रबंधचिंतामणी'त त्याला तिन्ही प्रकारच्या वीरांचा मुकुटमणी म्हटलं, गुजरातच्या सिद्धराजाकडची त्याची नोकरी सांगितली आणि मग तो कुंतलाकडे कसा गेला तेही सांगितलं. गुजरात-राजस्थानच्या भाट-चारणांनी जगदेव परमार हा देवीला स्वतःचं शिर देणारा दानशूर केला. पुढे त्याच वंशातल्या अर्जुनवर्म्यानं अमरुशतकावर टीका लिहिताना याला आपला पूर्वज म्हणून अभिमानानं आठवलं. राजावळीनं गाळलेल्याला गाण्यांनी सांभाळलं आणि टीकेनं सांभाळलं. पण त्याच्या हयातीतल्या मोजक्या साक्षींतली एक मोठी साक्ष आपल्या जिल्ह्यात आहे.

दूरच्या एका देशाची आठवण इथे येते. आयर्लंडच्या दक्षिणेत, केरी, कॉर्क, वॉटरफर्ड या भागांत, शेतांत आणि पडक्या ख्रिस्ती मठांच्या आवारात उभे दगड आहेत. त्यांच्या कडेवर ओघम नावाची लिपी आहे: कडेच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला किंवा दोन्हींकडून मारलेल्या रेघा, बहुधा खालून वर वाचायच्या. बहुतेक दगड पाचव्या ते सातव्या शतकातले. सगळे मिळून चारशेच्या आसपास. त्यांवर असतं काय? अमक्याच्या मुलाचा, अमक्याचा. बस. बापाचं नाव, कधी कुळाचं नाव, पुढे काही नाही. नंतर ख्रिस्ती साधू आले, त्यांनी काही दगडांवर क्रूस कोरले. काही दगड चर्चच्या भिंतीत गेले. डन्लोजवळ तर असे दगड एका भुयाराच्या छताला टाकलेले १८३८ मध्ये सापडले. तिथल्या अभ्यासकांनी त्या एकेका नावावर ग्रंथ लिहिले, कारण त्या नावांतच आयरिश भाषेचं सर्वांत जुनं रूप शिल्लक आहे. डोंगरग्राममधल्या 'डोंगर'चंही तसंच आहे. राजांसाठी लिहिलेल्या मजकुरात माणसांची भाषा नावांच्या वाटेनं आत येते आणि नावांतच टिकते.

आयरिश दगडाकडे फक्त नाव आहे, गोष्ट हरवली आहे. आपल्या गावोगावच्या वीरगळांकडे गोष्ट आहे, नाव हरवलं आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. पण मेला तो कोण, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. वेशीवरच्या मारुतीजवळ, पारावर, विहिरीच्या काठावर असे दगड शेंदूर लावून उभे असतात. डोंगरगावच्या लेखाचं भाग्य असं की त्यात नावही आहे, गोष्टही आहे, सालही आहे आणि गावही. हे चार एकत्र सापडणं दुर्मीळ आहे. ते कवितेत सापडणं त्याहून दुर्मीळ.

एका गैरसमजावरही हा लेख उजेड टाकतो. आपण काळ्या दगडाचं प्रत्येक जुनं देऊळ हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांच्या पदरचा. डोंगरगावचा लेख कोरला गेला तेव्हा त्याच्या जन्मालाही शंभराच्या आसपास वर्षं होती. यवतमाळच्या लोहारा इथलं कमलेश्वर असो की दुसरं कुठलं, 'हेमाडपंती' हा शब्द बांधणीची ओळख म्हणून ठेवावा. सगळ्या दगडांचं श्रेय एका माणसाच्या पदरात टाकलं की त्याच्या आधीची दोन शतकं आपण पुसून टाकतो. त्या दोन शतकांत या डोंगरांत काय चाललं होतं ते पाहा: माळव्याचा राजपुत्र, कन्नड बोलणारा सम्राट, संस्कृतात लिहिणारा कवी, आणि मराठी नाव असलेलं गाव. हे सगळे एका दगडावर भेटले. वऱ्हाड मागास, आडबाजूचा, असं म्हणणाऱ्यांना दाखवायला याहून चांगला कागद नाही.

हे वाचणाऱ्या यवतमाळच्या, पुसदच्या, महागाव-उमरखेडच्या मंडळींना माझी एक विनंती आहे. देवळाचा जीर्णोद्धार काढला की आधी भिंती, खांब, उंबरे आणि तुळया नीट पाहा. अक्षर दिसलं तर त्यावर ऑइल पेंट लावू नका, टाइल बसवू नका, ॲसिडनं धुऊ नका. वाचता यावं म्हणून खडू किंवा चुना भरू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना भोज राजाची गोष्ट सांगताना त्याच्या पुतण्याचीही सांगावी. ती आपल्याच जिल्ह्यात लिहिलेली आहे.

राज्य थोरल्याला देऊन आलेल्या त्या राजपुत्रानं एक गाव दान दिलं, आणि त्या दानाच्या निमित्तानं कुणा कवीनं असं काव्य लिहिलं जे आजही कसाला उतरतं. त्या कवितेतला एक शब्द पुसदकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडी अजून रोज येतो. तो शब्द डोंगरगाव.